मलावीतील परिचर्या महाविद्यालय : शिक्षक टिकत नाहीत, अशा वेळी प्राचार्यपद परक्या व्यक्तीने स्वीकारावे का?

रानजाई

नमस्कार. परदेशातील नोकरीविषयी येथे पुष्कळ धागे आहेत, परंतु ते बहुतेक परिचारिका म्हणून जाणाऱ्यांचे आहेत. शिकवायला गेलेल्यांचे अनुभव फारसे आढळले नाहीत, म्हणून हा प्रश्न स्वतंत्रपणे मांडते आहे.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. एम.एस्सी. नर्सिंगनंतर काही वर्षे महाराष्ट्रात पाठ्यनिर्देशिका होते आणि सध्या मलावी या आफ्रिकेतील देशात एका मिशनच्या परिचर्या (नर्सिंग) महाविद्यालयात शिकवते. येथे ‘नर्स-मिडवाइफ टेक्निशियन’ हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम चालतो. तो साधारण आपल्या जीएनएमसारखा (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) आहे, मात्र त्यात प्रसूतिसेवेवर अधिक भर असतो. या पातळीवरच्या बहुसंख्य परिचारिका चर्चच्या महाविद्यालयांतूनच तयार होतात. ही महाविद्यालये ‘चॅम’, म्हणजे ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ मलावी, या संघटनेत मोडतात. इमारत आणि व्यवस्थापन चर्चचे, तर पगार मुख्यतः सरकारी तिजोरीतून, अशी एकूण रचना आहे.

आमच्याकडे शिक्षकांच्या मंजूर पदांपैकी जेमतेम निम्मी भरलेली आहेत. प्राचार्या नुकत्याच एका परदेशी मदतसंस्थेत प्रकल्प अधिकारी म्हणून निघून गेल्या आणि उपप्राचार्य उच्च शिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत आहेत. आता संचालक मंडळाने मला प्रभारी प्राचार्यपद घेण्याविषयी विचारले आहे. माझ्याहून ज्येष्ठ अशा एक स्थानिक शिक्षिका येथे आहेत. त्या उत्तम सुईण आहेत, विद्यार्थ्यांत त्यांचा दरारा आहे आणि जिल्हा रुग्णालयात त्यांचा शब्द चालतो. परंतु त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नाही, आणि मंडळाला कागदावर ती हवी आहे.

माझा करार मर्यादित मुदतीचा आहे. मी हे पद घ्यावे का? घेतल्यास कोणत्या अटींवर घ्यावे?

हेमाडपंती

‘प्रभारी’ या शब्दाला फार घाबरू नका. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातले प्रभारी प्राचार्य प्रभारी म्हणूनच निवृत्त झाले, आणि निरोप समारंभाचे अध्यक्षस्थानही नव्या प्रभारींनीच भूषवले.

निवृत्त_अधिसेविका

रानजाई, अभिनंदन करण्याआधी काही गोष्टी विचारते. महाविद्यालयाच्या बँक खात्यावर सही कोणाची चालते? शिक्षक नेमण्याचा, निदान तात्पुरता नेमण्याचा, अधिकार प्राचार्यांना आहे का? रुग्णालयाच्या अधिसेविकेशी (मेट्रनशी) तुमचे नाते बरोबरीचे असेल की तुम्ही त्यांच्याकडे विनंतीअर्ज घेऊन जाणार? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर ती खुर्ची केवळ दोष स्वीकारण्यासाठी मांडलेली आहे. मी परिचर्या शाळा आणि वॉर्ड या दोन्ही बाजूंनी आयुष्य काढले आहे. शाळेचा निकाल खाली गेला की प्राचार्यांना बोलावणे येते आणि मोटारीत इंधन घालायचे असले की लेखापालाकडे बोट दाखवले जाते, हे सगळीकडे सारखेच असते.

आकडेमोड

मलावीच्या बाबतीत थोडी पार्श्वभूमी दिल्यास चर्चा नेमकी होईल. २००० नंतरच्या काही वर्षांत त्या देशात परिचारिकांची निम्म्याहून अधिक मंजूर पदे रिकामी होती आणि त्याच काळात अनुभवी परिचारिका मोठ्या संख्येने ब्रिटनला जात होत्या. २००४ मध्ये सरकारने ब्रिटन आणि ग्लोबल फंड हा आंतरराष्ट्रीय आरोग्यनिधी यांच्या मदतीने सहा वर्षांचा आणीबाणीचा मनुष्यबळ कार्यक्रम हाती घेतला. आरोग्यसेवेतील अकरा संवर्गांना पगारावर ५२ टक्के पुरवणी दिली गेली, वर्गखोल्या आणि वसतिगृहे वाढवली गेली, आणि मधल्या काळातील तूट भरण्यासाठी परदेशी डॉक्टर व शिक्षक स्वयंसेवक म्हणून आणले गेले. २०१० मधील मूल्यमापनानुसार या अकरा संवर्गांतील कर्मचारी २००४ मधील ५,४५३ वरून २००९ मध्ये ८,३६९ झाले, म्हणजे सुमारे ५३ टक्के वाढ झाली.

माझ्या मते यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे: पगार वाढवला की माणसे थांबतात. नेतृत्व, संस्कृती वगैरे चर्चा त्यानंतरची.

निवृत्त_अधिसेविका

आकडेमोड, कर्मचारी वाढले हे मान्य. परंतु विद्यार्थी वाढले आणि त्या प्रमाणात शिकवणारे वाढले नाहीत, तर काय होते ते तुमच्या तक्त्यात दिसत नाही. वसतिगृह दोन वर्षांत उभे राहते, पण प्रसूतिकक्षात विद्यार्थिनीच्या हाताला हात लावून शिकवणारी शिक्षिका घडायला दहा वर्षे लागतात.

रानजाई

अधिसेविका ताईंनी नेमके बोट ठेवले आहे. वर्गातील व्याख्यान कसेबसे निभावते. दोन तुकड्या एकत्र बसवता येतात, बाहेरचे वक्ते बोलावता येतात. आमचा खरा खोळंबा वॉर्डात होतो. एकाच जिल्हा रुग्णालयात तीन-चार संस्थांचे विद्यार्थी एकाच वेळी येतात. वॉर्डातील परिचारिकेकडे इतके रुग्ण असतात की विद्यार्थ्याला शिकवणे तिच्या कामात बसतच नाही, आणि त्यासाठी तिला वेगळा मोबदलाही नाही. आमच्या शिक्षकांनी तेथे जाऊन उभे राहावे, तर वाहन एक आणि इंधनाची टंचाई. परिणामी विद्यार्थी एकमेकांकडून शिकतात आणि आठवड्याच्या शेवटी नोंदवहीवर एकगठ्ठा सह्या होतात. तेच विद्यार्थी पुढे नर्सेस अँड मिडवाइव्हज कौन्सिलच्या परवाना परीक्षेला बसतात, आणि निकालाचे खापर वर्गात शिकवणाऱ्यांवर फुटते.

आधीच्या प्रश्नांचे उत्तर असे की, खात्यावर प्राचार्यांची सही लागते, पण ती दुसरी सही असते. कायम नेमणुकीसाठी पद सरकारी वेतनपटावर मंजूर असावे लागते, आणि तेथे पद रिकामे असणे आणि ते भरण्याची परवानगी असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच या देशात एकीकडे रुग्णालयांत पदे रिकामी असतात आणि दुसरीकडे परवाना मिळालेल्या परिचारिका घरी बसून असतात.

शंकासुर

विषयाला धरूनच विचारतो, राग नसावा. महाराष्ट्रात परिचर्या महाविद्यालयांना शिक्षक मिळत नाहीत, आणि आपल्या एम.एस्सी. झालेल्या शिक्षिका आफ्रिकेत जाऊन तिथली तूट भरून काढतात. ब्रिटनने मलावीच्या परिचारिका नेल्या म्हणून आपण हळहळायचे, तर सांगलीच्या शिक्षिका मलावीने नेल्या याला काय म्हणायचे?

रानजाई

प्रश्न रास्त आहे. भारतात मी कंत्राटी होते आणि येथेही कंत्राटीच आहे. फरक इतकाच की येथे मला प्रसूतिकक्षात शिकवायला मिळते. तिथे माझा निम्मा वेळ तपासणी समितीसाठी फायली तयार करण्यात जात असे.

मध्यरात्रीचा_चहा

तपासणीचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार बी.एस्सी. अभ्यासक्रमात दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. मी पाहिलेल्या एका खासगी संस्थेत हे प्रमाण तपासणीच्या दिवशी अगदी काटेकोर असे, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले अर्धे शिक्षक शेजारच्या जिल्ह्यात तपासणीला हजर असत.

टेम्स_तीर

मी बर्मिंगहॅममध्ये परिचारिका आहे. ब्रिटनच्या बाजूने थोडे सांगते. येथील आचारसंहितेत मलावी ‘लाल यादी’त आहे, म्हणजे तेथे जाऊन भरती करण्यास आरोग्य संस्थांना आणि दलालांना मनाई आहे. ही यादी आरोग्य कर्मचाऱ्यांची टंचाई असलेल्या देशांच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीवर बेतलेली असून २०२३ च्या यादीत ५५ देश होते. परंतु एखादी परिचारिका स्वतःहून जाहिरात पाहून अर्ज करत असेल, तर तिला अडवले जात नाही, आणि अडवूही नये असे मला वाटते. माझ्या वॉर्डातली एक मलावीची सहकारी पूर्वी तिकडे शिक्षिका होती. देश सोडण्याचे कारण विचारल्यावर तिने पगाराचा उल्लेख दुसऱ्या क्रमांकावर केला. पहिल्या क्रमांकावर होते ते हे की, तिच्या नंतर रुजू झालेल्या, पण परदेशी पदवी असलेल्या व्यक्तीला विभागप्रमुख केले गेले.

रानजाई, तुमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंच्या संदर्भात याचा विचार जरूर करावा.

आकडेमोड

टेम्स_तीर, एका व्यक्तीच्या अनुभवावरून धोरण ठरत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या क्वाचा या चलनाचे एका फटक्यात ४४ टक्के अवमूल्यन झाले. शिक्षकाचा पगार क्वाचात आणि मदतसंस्थेचा पगार डॉलरच्या हिशेबाने, अशा स्थितीत प्राचार्या प्रकल्प अधिकारी का होतात याचे कोडे उरत नाही.

ओहायोकर

पगाराच्या मुद्द्याला अमेरिकेतून पुष्टी देतो. येथे पैसा आहे, तरीही हीच अडचण आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंग या संघटनेच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये पात्र असूनही नाकारल्या गेलेल्या प्रवेश-अर्जांची संख्या ६५ हजारांहून अधिक होती, आणि शिक्षकांची कमतरता हे त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. माझी पत्नी नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून उपचार करणारी उच्चशिक्षित परिचारिका, आहे. तिने विद्यापीठात शिकवायचे ठरवले, तर डॉक्टरेटसाठी आणखी काही वर्षे घालवून आजच्यापेक्षा कमी पगार घ्यावा लागेल. ज्या व्यवसायात शिकवणाऱ्याला करणाऱ्यापेक्षा कमी मिळते, तेथे शिक्षक आटतात. देश कोणताही असो.

तरीही एक फरक नोंदवतो. येथे जागा कमी होतात, म्हणजे प्रवेश थांबतात. मलावीत प्रवेश चालू राहतात आणि शिक्षण पातळ होते. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे, कारण तो बाहेरून दिसत नाही.

मस्कतकर

मी ओमानमध्ये शिकवते, त्यामुळे परक्या शिक्षकाच्या बाजूने बोलण्याचा थोडा अधिकार आहे. येथे परिचर्या शिक्षणाचा विस्तार झाला तेव्हा भारतीय आणि फिलिपिनो शिक्षकांवर बराच भार होता. पुढे ओमानी मुली शिकून, परदेशी पदव्या घेऊन परतल्या आणि ठरवून एकेक पद त्यांच्याकडे सोपवले गेले. २०१८ मध्ये निरनिराळ्या आरोग्य शिक्षण संस्था एकत्र करून ओमान कॉलेज ऑफ हेल्थ सायन्सेस स्थापन झाले. आमच्यापैकी काहींना हे सोपवणे बोचले, पण ते वेळापत्रक ठरवून झाले हे कबूल करावे लागेल. ओमानला ते जमले, कारण पगार द्यायला तिजोरीत पैसा होता आणि परतलेल्या मुलींना दुसरीकडे पळून जाण्याचे कारण नव्हते.

कराराच्या शिक्षकाचा मोठा तोटा कोणी सांगत नाही तो असा: त्याच्याबरोबर संस्थेची आठवण निघून जाते. प्रश्नपेढी कोणी बनवली, कोणत्या वॉर्डात कोणत्या महिन्यात विद्यार्थी पाठवू नयेत, कोणत्या विद्यार्थ्याला पूर्वी ताकीद दिली होती, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. नवा येतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. शिक्षकाच्या बाबतीत हे सहन होते. प्राचार्याच्या बाबतीत होत नाही.

शंकासुर

म्हणजे रानजाई यांनी नकार द्यावा आणि महाविद्यालय प्राचार्यांविना ठेवावे, असे तुमचे म्हणणे आहे का?

मस्कतकर

नाही. ज्या बाई तेथे कायम राहणार आहेत त्यांना प्राचार्य करावे आणि कागदाची अडचण कागदाने सोडवावी, असे म्हणणे आहे.

पायवाट

सार्वजनिक आरोग्याच्या कामानिमित्त मी किगालीत राहिलो आहे, म्हणून रवांडाचे उदाहरण देतो. २०१२ मध्ये तेथील सरकारने अमेरिकन विद्यापीठांबरोबर सात वर्षांचा मनुष्यबळ कार्यक्रम सुरू केला. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाची जोडी एका रवांडी सहकाऱ्याशी लावायची, म्हणजे पाहुणा गेल्यावरही काम चालू राहील, अशी त्यातील मूळ कल्पना होती. पाहुण्या विद्यापीठांचा व्यवस्थापन खर्च मर्यादित ठेवण्याचा आग्रहही सरकारने धरला होता, आणि हे त्या काळी धाडसाचे मानले गेले. परिचर्येतील पदव्युत्तर अभ्यासक्रम याच प्रयत्नातून उभा राहिला, हे मोठे यश आहे.

परंतु जोडीची कल्पना प्रत्यक्षात सर्वत्र सारखी उतरली नाही. रवांडी शिक्षकावर आधीच इतका भार असे की पाहुणा वर्ग घेऊ लागला की तो दुसऱ्या कामाला पळे. पाहुण्याला ‘माझा जोडीदार दिसतच नाही’ असे वाटे, तर यजमानाला ‘बरे झाले, एक तास मोकळा मिळाला’ असे वाटे. त्यात अभ्यासाचे माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर नुकतेच आलेले होते. पुढे अमेरिकेच्या एड्स निधीतून येणारा पैसा नियोजित मुदतीआधीच थांबला. रानजाई, मलावीतही २०१३ पासून पीस कोअर (अमेरिकी सरकारची स्वयंसेवक संस्था) आणि सीड ग्लोबल हेल्थ ही स्वयंसेवी संस्था यांच्या उपक्रमातून अमेरिकन परिचारिका-शिक्षक वर्षभरासाठी येत असत. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना त्या काळाचा अनुभव असू शकेल, त्यांना विचारावे.

मिरजकर

आपल्याकडचा एक धागा येथे जुळतो. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले आणि त्याच्याच आधाराने परिचारिकांचे शिक्षणही उभे राहिले. मलावीतील मिशन रुग्णालयांचा इतिहासही असाच आहे. फरक असेल तर मिशनरी स्कॉटलंडचे की अमेरिकेचे एवढाच. अशा संस्थांत सुरुवातीची अनेक दशके अधिसेविका आणि शाळाप्रमुख परदेशी असत आणि एतद्देशीय मुली ‘अजून तयार नाहीत’ असे अहवालात लिहिले जाई. त्या तयार कधी होणार, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे खुर्ची होती त्यांच्याकडेच असे. रानजाई, तुमच्या मंडळाने पदव्युत्तर पदवीची अट पुढे केली आहे. ती कौन्सिलची आहे की मंडळाची, हे एकदा तपासावे.

हेमाडपंती

मिरजकर, तुमचा प्रतिसाद वाचून मंडळाने रानजाईंना प्राचार्य न करता इतिहास विभागप्रमुख करावे असे सुचवतो. अर्थात तेही प्रभारी.

निवृत्त_अधिसेविका

मिरजकरांनी मोलाचा प्रश्न विचारला आहे. आकडेमोड यांच्याशी मात्र माझा वाद कायम आहे. पगार हवाच, त्यात दुमत नाही. परंतु मदतीच्या पैशावर दिलेली पुरवणी मदत थांबली की थांबते, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने हात आखडता घेतल्यावर आफ्रिकेत किती प्रकल्प एका रात्रीत बंद पडले ते आपण वाचले. आज मदतसंस्थेत गेलेल्या प्राचार्या उद्या पुन्हा नोकरी शोधत असतील. त्यांना परत येता येईल अशी वाट महाविद्यालयाने ठेवली आहे का? आपल्याकडे राजीनामा दिलेल्या माणसाकडे गद्दार म्हणून पाहिले जाते. तेथेही तसेच असेल, तर एक अनुभवी शिक्षिका कायमची गमावली जाईल.

आकडेमोड

हा मुद्दा मान्य करतो. पुरवणी टिकाऊ नसते, आणि क्वाचा घसरला की तिची किंमतही घसरते.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात बरेच घडले, ते सविस्तर लिहिते.

मिरजकरांनी सुचवल्याप्रमाणे चौकशी केली. लेखी काहीही दाखवता न आल्याने, प्रभारी पदासाठी पदव्युत्तर पदवीची अट ही आपली पसंती आहे, असे मंडळाने मान्य केले. मग मी आमच्या ज्येष्ठ शिक्षिकांशी बोलले. त्यांनी आधी हसून टाळले. नंतर म्हणाल्या की, मागे दोनदा त्यांच्या नावाचा विचार झाला होता आणि दोन्ही वेळा बाहेरून कोणीतरी आणले गेले. पायवाट यांनी उल्लेख केलेले अमेरिकन स्वयंसेवकही त्यांना आठवतात. त्यातील एकीविषयी त्या फार आदराने बोलल्या, कारण ती रात्रपाळीला विद्यार्थ्यांबरोबर थांबत असे. पदाविषयी त्यांचे म्हणणे असे की, प्राचार्य झाल्यावर राजधानी लिलोंग्वेच्या बैठका आणि सरोवराकाठच्या हॉटेलांतील कार्यशाळा यांतच महिना जातो आणि प्रसूतिकक्ष सुटतो. भत्त्याच्या मोहाने इतर सगळे ज्या कार्यशाळांना धावतात, त्यांचाच त्यांना कंटाळा आहे.

त्यामुळे मी मंडळाला पत्र दिले आहे. प्रभारी प्राचार्यपद त्यांच्याकडे जावे आणि मी त्यांच्या हाताखाली शैक्षणिक कामकाजाची जबाबदारी घ्यावी, म्हणजे वेळापत्रक, परीक्षा, कौन्सिलचे अहवाल आणि शक्य तेथे बैठकाही, असे सुचवले आहे. सोबत दोन मागण्या केल्या आहेत: महाविद्यालयाचे वाहन आठवड्यातील ठरावीक दिवस केवळ वॉर्डातील अध्यापनासाठी राखून ठेवावे, आणि नोकरीविना बसलेल्या आमच्याच माजी विद्यार्थिनींपैकी काहींना शुल्काच्या उत्पन्नातून तात्पुरत्या वॉर्ड-शिक्षिका म्हणून घ्यावे. सरकारी वेतनपटाची परवानगी येईपर्यंत वाट पाहिली, तर सध्याची तुकडी पदविका घेऊन बाहेर पडेल.

मस्कतकर

उत्तम केलेत. मात्र नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलींना शिकवायला लावताना त्यांच्यावर देखरेख कोण करणार, ते पत्रात स्पष्ट लिहावे. नाहीतर पूर्वी विद्यार्थी विद्यार्थ्यांना शिकवत होते, आणि आता कालचे विद्यार्थी शिकवतील, इतकाच बदल होईल.

शंकासुर

आणि बाईंचा पगार? काम प्राचार्यांचे आणि वेतन शिक्षिकेचे, असे करून मंडळ मोकळे होईल. प्रभारींच्या बाबतीत ही जागतिक परंपरा आहे.

रानजाई

शंकासुर, प्रभारी भत्त्याचा उल्लेख पत्रात राहून गेला होता. आज पुरवणी पत्र दिले. मस्कतकर, देखरेखीसाठी दोन अनुभवी सुईणींची नावे बाईंनीच सुचवली आहेत. दोघीही जिल्हा रुग्णालयातून निवृत्त झालेल्या असून गावातच राहतात. मंडळाने भत्ता आणि माजी विद्यार्थिनी या दोन्ही गोष्टी तत्त्वतः मान्य केल्या आहेत. वाहनाचा निर्णय मात्र पुढच्या बैठकीवर ढकलला आहे, कारण ते सध्या मंडळाचे सचिव वापरतात.

निवृत्त_अधिसेविका

वाहनाची नोंदवही मागवून घ्या. किती फेऱ्या रुग्णालयाच्या झाल्या आणि किती इतरत्र, याचा तक्ता बैठकीत ठेवा. तो बाईंच्या सहीने जाऊ द्या, तुमच्या नको.